गाडग्यातली ज्वारी

ज्या वर्षी आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या, त्याच वर्षी महालक्ष्मीच्या आंबिलीसाठी घरात मूठभर ज्वारी उरली नाही. ती ज्वारी मी संपवली होती. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा माझं वय तेरा होतं, सासरी येऊन तीन महिने झाले होते आणि हसण्याची सोय नव्हती.

माझं माहेर अकोल्याकडचं, सासर अमरावतीपासून तीन कोसांवर. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे कापूस. पण ती वर्षं निराळीच होती. सातासमुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात दोन भाऊ भांडत होते म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोण भाऊ, कशावरून भांडत होते, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. माझे सासरे म्हणायचे, "भांडू द्या. चांगले पोटभर भांडू द्या." मामंजी तसे साधे गृहस्थ, पण त्या दोन वर्षांत त्यांनी अमरावतीहून काय काय आणलं! भिंतीवर टांगायचे आरसे आणले, ज्यात आम्ही बायका चोरून तोंड पाहायचो. काचेचे दिवे आणले. बैलांना शेंब्या आणल्या. आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी दोन पैठण्या.

शेतात मात्र नुसती कपाशी. आदल्या साली गावातल्या एकूण एक माणसानं ज्वारीचं वावर मोडून कपाशी पेरली. ज्वारी काय, बाजारात मिळते, असं सगळ्यांचं म्हणणं. मिळायचीही. कुठून कुठून गाड्या यायच्या, आणि आमच्या काळ्या मातीतली माणसं दुसऱ्याच्या मातीतली भाकर खायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आता माझी गोष्ट. मी सासरी आले ती जेठात. आषाढात आमचा एक बैल साप चावून मेला. नात्यात एक चुलतसासू होत्या, शेजारच्याच ओसरीवर राहायच्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. बैल पुरून माणसं परत आली तोच त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पोरगी पांढऱ्या पायाची दिसते."

एवढं बोलणं पुरे होतं. ज्या सुनेला हे नाव एकदा चिकटलं, तिच्या हातून पुढं दूध उतू गेलं तरी तिच्याच पायांकडे पाहतात. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "महालक्ष्म्या नीट पार पडू द्या बाई, मंग काय बोलाचं ते बोला." माझी बाजू घेतली असं तेव्हा मला वाटलं नाही. मला वाटलं, शिक्षा पुढं ढकलली. म्हणजे महालक्ष्म्यांत काही चुकलं की मी संपले. मी दिवस मोजायला लागले.

आणि चूक केली ती त्याच्या आधी, पोळ्याला.

पोळ्याच्या वेळी सासूबाईंना कावळा शिवला होता. चार दिवस त्या बाहेरच्या पडवीत, आणि घर माझ्या हाती. आदल्या संध्याकाळी गड्यांनी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळले, त्यांना आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सकाळी सासूबाईंनी पडवीतूनच आवाज दिला, "सुनबाई, पुरन तर होईलच, पन बैलाइले ज्वारी शिजव. घरची शिजव बरं, विकतची नको. त्याइनं राबून पिकवली, त्याइले त्याइचीच द्याव."

मी मान डोलावली. पुढच्या ओसरीवर मामंजी पाहुण्यांबरोबर बसलेले, त्यांच्यादेखत नव्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं. आणि विचारायचं तरी काय होतं? मला सगळं ठाऊक होतं. आमच्या माहेरी देवघराच्या कोपऱ्यात एक गाडगं असायचं. तोंडाला शेणमातीचा लेप लावून बंद केलेलं. त्यात राखेत घोळवलेली निवडक ज्वारी, आणि ती पोळ्याच्या बैलांची. माझी आई वर्षभर त्याला हात लावू द्यायची नाही. सासरी आल्या दिवशीच मी देवघराच्या कोपऱ्यात तसंच गाडगं पाहिलं होतं आणि मला बरं वाटलं होतं, की चला, एक तरी गोष्ट आपल्या घरच्यासारखी आहे.

मी लेप फोडला. आतली ज्वारी मोत्यासारखी होती, एक दाणा किडका नाही. सगळी धुतली, सगळी शिजवली, त्यात गूळ घातला. दुपारी बैल तोरणाखालून आले. अंगावर झुली, पायांत घुंगरं, शिंगांवर चांदी. गावातल्या हौशी माणसांनी झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणून घसे बसवून घेतले होते. दारात मी बैलांचे पाय धुतले, ओवाळलं आणि टोपली पुढं केली. त्यांनी टोपलीचा तळ चाटला. मला अगदी धन्य वाटलं.

चौथ्या दिवशी न्हाऊन सासूबाई घरात आल्या. येता येता म्हणाल्या, "कनगीच्या बुडाची ज्वारी शिजवली ना बैलाइले? जरा किडकी होती, पन बैलाइले चालते." आणि मग देवघराकडे हात करून, "त्या गाडग्याले मात्र हात लावू नको. थे महालक्ष्मीच्या आंबिलीची हाय. दोन सालाआधीची, आपल्या वावरातली. तेवढीच उरली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या माहेरी महालक्ष्म्या नाहीत, आमच्या कुळात त्या बसतच नाहीत. त्यामुळं गाडगं देवीचंही असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी "हो" म्हणाले. त्या "हो"नं पुढचे दिवस मला खाल्लं.

आंबील म्हणजे तशी काय मोठी गोष्ट? ज्वारीचं पीठ रात्रभर ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, जिरं-आलं घालायचं. सोळा भाज्या, पुरण, कढी, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, या सगळ्या थाटात आंबील म्हणजे गरिबाघरची पोर. पण आमच्याकडे आंबिलीशिवाय महालक्ष्म्या जेवत नाहीत. आणि ती घरच्याच ज्वारीची लागते. सासूबाई म्हणायच्या, "वर्षातून एकदा लेकी माहेरी येतात. आलेल्या लेकीले विकतचं वाढते का कोनी?"

कणगीच्या बुडाची किडकी तर देवीला चालणार नव्हती. मग मी दुसरी चूक केली. एका दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा बाजारच्या पोत्यातली ज्वारी गाडग्यात भरली, तोंडाला लेप लावला, वर राख भुरभुरली. हुबेहूब झालं. एवढं करून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट घास गिळेना. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर खाल्लीही नव्हती, बैलांनी खाल्ली होती, आणि खवखवत मला होतं. आधी नुसती चूक होती, आता देवीला फसवणं झालं.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी अंगण सारवलं. दारापासून देवघरापर्यंत पावलं काढली. मामंजींनी दोघींना उभं करायची तयारी मोठ्या हौसेनं केली होती. एरवी त्यांच्या अंगाच्या कोथळ्यांत धान्य भरायचं. त्या वर्षी धान्य कुठलं, मामंजींनी कापूस भरला. "सोन्याच्या भावाचा कापूस! पाहा कशा गुटगुटीत दिसून राहिल्या!"  सासूबाईंनी पितळी मुखवटे चिंचेनं घासले, कुंकू रेखलं, आणि एकेक करून माझ्या हातात दिले.

थोरलीचा मुखवटा माझ्या हातात होता. जड होता. डोळे सरळ माझ्याकडे. आणि सासूबाई म्हणाल्या, "हे ठेवून घे अन् गाडगं काढ. ज्वारी दळाची हाय."

मी मुखवटा पाटावर ठेवला आणि खाली बसले. "आत्याबाई," मी म्हणाले, "गाडग्यातली ज्वारी मी पोळ्याले बैलाइले घातली. आता त्यात बाजारची हाय. मीच भरली."

सगळं एका दमात बोलले. आमच्या माहेरचं गाडगं, लेप, राख, सगळं. मग रडायलाच लागले, कारण पुढं काय बोलायचं ते उरलं नव्हतं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. कपाळाला हात लावला नाही. त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "डोये पूस. जोगवा मागाले जाऊ. देवीच्या नावानं मागितलेला दाना कोनाचा नसते, देवीचाच असते. फक्त ज्याच्या त्याच्या वावरातला पायजे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. गावातलं हे एक मोठं घर, बैलांच्या शिंगांवर चांदी, आणि या घरची बाई दारोदार ज्वारी मागणार! पण त्या निघाल्यासुद्धा. चुलतसासू ओसरीवरून पाहत होत्या. त्यांना राहवतंय होय! त्याही मागे निघाल्या.

पहिलं घर समोरचंच. त्यांच्याही महालक्ष्म्या. सासूबाईंनी पदर पसरला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "जोगवा घाल माय. आंबिलीले घरची ज्वारी नाई आमच्याइथं." घरची बाई गोरीमोरी झाली. आत गेली, सुपात ज्वारी घेऊन आली. सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर घेतली, हुंगली. "कोन्त्या वावरातली वो?"

ती इकडंतिकडं पाहायला लागली. मग हळूच म्हणाली, "बाजारची हाय बाई. कोनाले सांगू नका. आमचे बी यंदा तसेच."

दुसऱ्या घरी बाईनं छातीवर हात ठेवून सांगितलं की ज्वारी घरचीच, आणि मागून तिची जाऊ म्हणाली, "घरची म्हंजे, घरी आनलेली." तिसऱ्या घरी तर सासूसुनेचं त्यावरूनच भांडण चाललेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! प्रत्येकीनं आपली मूठ घट्ट झाकून ठेवली होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपलीच एकटीची रिकामी आहे. चौथ्या दाराशी पोचेपर्यंत आमच्या मागे सहा-सात बायका झाल्या. पाचवीनं आम्हाला येताना पाहिलं आणि दारातूनच ओरडली, "आमच्याइथं नाई वो! पुढं जा!"

तिथं सासूबाई हसायला लागल्या. अशा हसल्या की भिंतीला टेकल्या. "म्हंजे सारे गावच्या महालक्ष्म्या यंदा बाजारात जेवनार होत्या! अन् पैठनी नेसून!" मग सगळ्याच हसल्या. आणि मी, जी इतके दिवस दगड गिळल्यासारखी वावरत होते, तीही हसले. घरोघरी मातीच्या चुली हे तोवर मी ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं. केवढा भार उतरला म्हणून सांगू! पण ज्वारी अजून मिळाली नव्हती.

"हाय," पहिल्या घरची बाई म्हणाली. "एकीकडे हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं कुणाकडे. गावाच्या टोकाला नाल्याजवळ एक म्हातारी राहायची. नवरा कधीच गेलेला, एक वावराचा तुकडा, तो ती स्वतः राबायची. सगळ्या गावानं कपाशी पेरली तेव्हा हिनं ज्वारी पेरली. विहिरीवर बायकांनी तिला किती हसून घेतलं होतं! आणि त्यात सगळ्यांत मोठ्यानं हसलेली बाई म्हणजे आमच्या सासूबाई. "सोनं पेराचं सोडून हे भाकर पेरते" असं त्या म्हणाल्या होत्या. त्या स्वतः वाटेत मला हे सांगत होत्या, न लाजता. "आता चाललो त्याच भाकरीच्या दारी. चाल."

म्हातारी अंगणात शेंगा वाळत घालत होती. एवढ्या बायका पाहून ती उठून उभी राहिली. सासूबाईंनी पदर पसरला. "माय, जोगवा घाल. साऱ्या गावात तुह्याच घरी घरची ज्वारी हाय."

म्हातारी पदराकडे पाहत राहिली. "माह्या हातचं?" तिनं विचारलं. "माह्या हातचं चालते का तुमच्या महालक्ष्मीले?"

आता हसणं थांबलं. कारण खरंच चालत नव्हतं. विधवेच्या हातचा जोगवा देवीला कोणी नेत नाही, निदान आमच्याकडे तेव्हा नेत नव्हतं. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नव्हतं, मखरासमोर उभं करत नव्हतं. चुलतसासूंनी घसा खाकरला. म्हातारी म्हणाली, "ह्या पोरीच्या हातानं देऊ का? मी सूप देतो, ते घालन."

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "तू पिकवली, तूच घाल. लेक भुकेली घरी आली, ते कोनाचा हात पाहाते?"

म्हातारीनं ओंजळीनं ज्वारी घातली. एक, दोन, पाच. मग थांबलीच नाही, पदर जड होऊन सासूबाई वाकल्या. मग मागच्या सगळ्या बायकांनी आपापले पदर पसरले. म्हातारीची कणगी निम्मी झाली असेल. सासूबाई निघताना एवढंच म्हणाल्या, "उद्या जेवाले ये. मागच्या दारानं नाई, पुढच्या."

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर मामंजींच्या देखत दोन्ही कोथळ्या उसवल्या आणि कापसात मूठमूठ ज्वारी घातली. मामंजी पाहतच राहिले. "पोटात काई खायचं असू द्या," त्या म्हणाल्या आणि शिवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. आधी पुरुषांच्या पंगती, मग बायकांची. दोघी देव्या पैठण्या नेसून फुलोऱ्याखाली उभ्या. म्हातारी खरंच पुढच्या दारानं आली, धुवट लुगडं नेसून, आणि पंगतीच्या टोकाला बसली. मी वाढत होते. आंबील वाढता वाढता चुलतसासूंपाशी आले, आणि त्यांनी वाटी पुढं केली ती बोलतच.

"आंबील तर झाली बापा. पन मले एक सांगा, तुमच्या गाडग्यातली ठेवलेली ज्वारी गेली कुठं? पोळ्यापर्यंत तर होती. घरात नवं मानूस आलं अन्..."

 त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, एवढंच.   सगळ्यांना कळलं काय विचारलं गेलं ते.

सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या होत्या. त्या चुलतसासूंच्या पानावर तूप वाढत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बैलाइले चारली. मीच पडवीतून सांगितलं होतं, घरची शिजव म्हून. पोरीनं सांगितलं तसं केलं."

टोकावरून म्हातारी हसली. तिला दात नव्हते, हसणं सगळं तोंडभर. "मंग वाया कुठं गेली? बैलाइनं पिकवली, बैलाइनं खाल्ली."

बायका हसल्या, आणि चुलतसासूंना तोंडात घास घालणं भाग पडलं. त्या दिवसानंतर त्यांनी ते नाव पुन्हा काढलं नाही. पुढच्या साली मामंजींनी नाल्याकडचं अर्धं वावर ज्वारीला सोडलं. दूरच्या त्या दोन भावांचं भांडण मिटलं आणि कापसाचा भाव उतरला, तेव्हा त्या ज्वारीनं आम्हाला तारलं. पण ते पुढचं.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. मी सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. जीव भांड्यात पडला होता. त्यांनी मला उठवलं आणि वाटीत आंबील ओतली.

"पी. इतके दिवस झाले, घास उतरून नाई राहिला तुह्या गळ्याखाली. मले काय दिसत नव्हतं?"

मी वर पाहिलं.

"पोळ्याले पडवीतून टोपली पाहिली मी," त्या म्हणाल्या. "पांढरी शुभ्र ज्वारी. किडकी कुठून असन थे! तवाच समजलं मले, गाडगं फुटलं म्हून."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"बोलली असती तर तू जन्मभर माह्यापासून लपवत राहिली असती. तूच येशीन म्हून वाट पाहून राहिली होती. बाजारची भरलीस ना, ओला लेप दिसला मले, त्या रात्री मात्र मी बी जेवली नाई." त्यांनी वाटी माझ्या हाताला लावली. "आता सांगितलंस. आता भेवाचं काम नाई."

मी त्या दिवशी चार वाट्या आंबील प्यायले.